यंत्रांची नावे आणि त्यांचे पत्ते : कार्यालयीन जालातील पत्ताशोधाच्या दोषांची ऐतिहासिक मीमांसा

१

कार्यालयातील संगणकजालाशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना पुढील प्रसंग अपरिचित वाटणार नाही. सकाळी कामास आरंभ होतो आणि लेखाविभागातील एक लिपिक तक्रार करतो, की हिशेबाचा सर्व्हर सापडत नाही. शेजारच्या मेजावरील यंत्रावर मात्र तोच सर्व्हर विनासायास उघडतो. तिसऱ्या यंत्रावर तो नावाने उघडत नाही, पण नावाऐवजी आकडी पत्ता घातला की उघडतो. चौथ्या यंत्रावर तो उघडतो खरा, परंतु त्यावर दिसणारे हिशेब कित्येक दिवसांपूर्वीचे असतात. केबल जागच्या जागी आहे, सर्व्हर चालू आहे, कोणाचा पासवर्ड चुकलेला नाही. आणि तरीही एकाच नावाला चार मेजांवर चार निरनिराळी उत्तरे मिळत आहेत. येथे दोष यंत्रात नाही, तारेतही नाही. तो नावावरून पत्ता काढण्याच्या क्रियेत आहे. ह्या क्रियेसाठी प्रस्तुत निबंधात 'पत्ताशोध' ही संज्ञा योजिली आहे.

हा दोष कसा काढावा हे सांगणारी हस्तपुस्तके विपुल आहेत. अमुक आज्ञा द्यावी, अमुक साठा पुसावा, न जमल्यास यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, असा त्यांचा क्रम असतो. ह्या उपायांनी पुष्कळदा गुणही येतो. परंतु एकाच नावाची चार उत्तरे मुळात संभवतात कशी, ह्या प्रश्नाला ती हात घालीत नाहीत. आणि ज्याला ह्याचे उत्तर ठाऊक नाही त्याच्या हातून आज बरा झालेला दोष महिन्याभराने पुन्हा डोके वर काढतो. आमच्या मते हे उत्तर तांत्रिक असण्यापेक्षा ऐतिहासिक आहे. गेल्या पन्नासाहून अधिक वर्षांत यंत्रांना नावे देण्याच्या आणि ती शोधण्याच्या ज्या रीती एकामागून एक निर्माण झाल्या, त्यांपैकी क्वचितच एखादी नवी रीत आल्यावर नामशेष झाली. जुनी रीत नव्या रीतीच्या खाली, जुन्या वाड्याच्या जोत्यासारखी, तशीच राहिली. आजचे सामान्य कार्यालयीन यंत्र एखादे नाव शोधताना ह्या सर्व थरांमधून जाते, आणि कोणत्या थरातून उत्तर आले हे ते आपण होऊन सांगत नाही. म्हणून दोषनिवारकाला इतिहाससंशोधकाचेच काम करावे लागते : समोर आलेले विधान कोणत्या साधनातून आले, ते अस्सल की नक्कल, आणि ते लिहिले केव्हा गेले, हे ठरविण्याचे.

२

ह्या इतिहासाची साधने सुदैवाने चांगली आहेत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साहाय्याने उभारलेले अर्पानेट हे जाल १९६९ साली चार ठिकाणे जोडून सुरू झाले : लॉस एंजलिस व सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठे, मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट आणि युटा विद्यापीठ. त्याच वर्षापासून जालाच्या रचनेविषयी विचार मांडणारी टिपणे क्रमांक देऊन प्रसृत होऊ लागली. 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' म्हणजे 'मते मागविण्यासाठी' असे त्यांचे विनम्र नाव असले, तरी पुढे त्यांतील अनेकांना नियमांचेच स्थान प्राप्त झाले. ती सर्व आजही वाचावयास मिळतात, आणि पत्ताशोधाचा इतिहास मुख्यतः त्यांतूनच उभा करता येतो.

चार यंत्रांना नावांची गरज भासत नाही, आकडे पुरतात. यंत्रे वाढली तशी माणसांना आकड्यांपेक्षा नावे सोयीची वाटू लागली, आणि नावे आली त्याबरोबरच पहिला घोटाळाही आला. सप्टेंबर १९७१ मध्ये पेगी कार्प ह्यांनी लिहिलेले २२६ क्रमांकाचे टिपण ह्याच घोटाळ्याविषयी आहे. प्रत्येक ठिकाण दुसऱ्या यंत्रांना आपापल्या मनाप्रमाणे नावे देत असे. तेव्हा सर्वांनी एकच नाममालिका स्वीकारावी, अशी त्यांची सूचना होती. पुढे अधिकृत यादी तयार झाली, तरी प्रत्येक ठिकाणी तिची स्वतंत्र आणि बहुधा शिळी प्रत ठेवली जाई. डिसेंबर १९७३ मध्ये एल. पीटर डॉइच ह्यांनी ६०६ क्रमांकाच्या टिपणात ह्या स्थितीला हास्यास्पद ठरविले आणि यादी एकाच ठिकाणी, यंत्राला वाचता येईल अशा रूपात ठेवावी अशी मागणी केली. पुढच्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी १९७४ मध्ये, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील नेटवर्क इन्फर्मेशन सेंटरने ती जबाबदारी पत्करली. 'होस्ट्स' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फायलीचा उगम हा असा आहे.

ह्या केंद्राची धुरा एलिझाबेथ फाइनलर ह्यांच्याकडे होती. एखाद्या संस्थेत नवे यंत्र आले, की तेथील माणूस केंद्राला कळवी. केंद्रातील कर्मचारी ती नोंद तपासून यादीत घालीत. आणि जालावरील प्रत्येक यंत्राचा चालक अधूनमधून ती यादी उतरवून घेई. दोन यंत्रांना एकच नाव पडू नये ह्याची काळजी यादी वाचणारे मनुष्यच घेत असे. संगणकाच्या इतिहासात यंत्रे रचणाऱ्यांची नावे राहतात. नोंदवही नीट ठेवणाऱ्यांची क्वचितच राहतात. पण सुमारे एका तपाएवढ्या काळात हे जाल एकसंध राहिले त्याचे मोठे श्रेय ह्या नोंदवहीला आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

नोंदवही कोलमडली ती कोणाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे, तर गणितामुळे. मार्क लॉटर ह्यांनी पुढे संकलित केलेल्या आकड्यांनुसार ऑगस्ट १९८१ मध्ये जालावर २१३ यंत्रे होती. ऑगस्ट १९८३ मध्ये ५६२. ऑक्टोबर १९८५ मध्ये १,९६१. यंत्रे दुप्पट झाली की यादी दुप्पट लांब होते, आणि ती उतरवून नेणारेही दुप्पट होतात. म्हणजे वाहतूक चौपट होते. शिवाय यंत्रांची जातही बदलत होती. पूर्वी एका मोठ्या यंत्रावर शेकडो लोक काम करीत. आता एकेका माणसाच्या मेजावर एकेक यंत्र येऊ लागले होते, आणि ती यंत्रे संस्थेच्या अंतर्गत जालात रोज हलत, बदलत. त्या प्रत्येक बदलासाठी मेन्लो पार्कला कळवून नव्या यादीची वाट पाहणे कोणालाच मानवणारे नव्हते. यादी सर्वत्र पोहोचेपर्यंत ती जुनी झालेली असे.

३

ह्यावर अनेकांनी सूचना मांडल्या होत्या. त्यांचा मेळ घालण्याचे काम दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधील जॉन पोस्टेल ह्यांनी आपले तरुण सहकारी पॉल मॉकापेट्रिस ह्यांच्याकडे सोपविले. मॉकापेट्रिस ह्यांनी मेळ न घालता नवीच रचना केली, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये ८८२ व ८८३ ह्या क्रमांकांच्या टिपणांतून ती प्रसिद्ध झाली. हीच 'डोमेन नेम सिस्टिम', म्हणजे डीएनएस. चार वर्षांच्या अनुभवानंतर नोव्हेंबर १९८७ मध्ये तिचे सुधारलेले रूप १०३४ व १०३५ ह्या टिपणांत आले, आणि पुष्कळ भर पडली असली तरी आजची व्यवस्था त्याच पायावर उभी आहे. दरम्यान बर्कली येथील डग्लस टेरी, मार्क पेंटर, डेव्हिड रिगल आणि साँगन्यान झाऊ ह्या चार विद्यार्थ्यांनी 'बाइंड' हा सर्व्हर लिहिला आणि युनिक्सबरोबर तो जगभर गेला.

ह्या रचनेत दोन गोष्टी मूलगामी आहेत. पहिली, अधिकाराची वाटणी. सर्व नावांची एक वही कोठेच राहिली नाही. वरच्या सर्व्हरला खालच्या शाखेतील नावे ठाऊक नसतात. ती कोणाला ठाऊक आहेत एवढेच तो सांगतो. भारताच्या वाट्याची 'इन' ही शाखा १९८९ मध्ये अस्तित्वात आली आणि २००५ च्या आरंभापर्यंत तिची नोंदवही मुंबईतच, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ह्या व ती जिच्यात विलीन झाली त्या संस्थेत ठेवली जात असे. त्या वहीत काय लिहावे हे कॅलिफोर्नियातील कोणाला विचारावे लागत नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. प्रत्येक प्रश्नासाठी मूळ अधिकाऱ्याकडे धाव घ्यावी लागली असती, तर ही व्यवस्था पहिल्याच वर्षी गुदमरली असती. म्हणून मिळालेले उत्तर वाटेतल्या सर्व्हरने स्वतःजवळ ठेवावे, आणि ठरावीक सेकंद पुढच्या विचारणाऱ्यास तेच द्यावे, अशी सोय करण्यात आली. किती सेकंद ठेवावे हे मूळ नोंद लिहिणाराच नोंदीबरोबर लिहितो. मराठी वाचकाला ह्यासाठी दूरचा दृष्टांत नको. तलाठ्याच्या दप्तरातील मूळ नोंद आणि तिचा सातबाराचा उतारा ह्यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. उतारा खोटा नसतो. तो अमुक तारखेस खरा होता. डीएनएसने शिळेपणा नाहीसा केला नाही. त्याला मुदत घातली. जुन्या होस्ट्स फायलीतील ओळीला अशी मुदत कधीच नव्हती, हा दोहोंतील खरा फरक होय.

हा भेद न समजल्यामुळे कार्यालयांत एक गमतीचा गैरसमज रूढ आहे. 'एनएसलुकअप' ही आज्ञा दिली असता उत्तराच्या वर 'नॉन-ऑथॉरिटेटिव्ह' असे शब्द पुष्कळदा येतात, आणि ते पाहून नवखा चालक सर्व्हर बिघडल्याचा निष्कर्ष काढतो. त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की हा उतारा आहे, मूळ नोंद नव्हे. उतारा किती जुना आहे हेही तपासता येते. उतारा देणाऱ्या सर्व्हरला एकच प्रश्न काही सेकंदांच्या अंतराने दोनदा विचारला, तर उरलेली मुदत त्या अंतराने कमी झालेली दिसते. मूळ अधिकाऱ्याला विचारल्यास ती दर वेळी पूर्ण दिसते. हिशेबाचा सर्व्हर सोमवारी नव्या पत्त्यावर हलवायचा असेल, तर त्याच्या नोंदीची मुदत आधीच्या आठवड्यात कमी करून ठेवावी, हा सल्लाही नवा नाही. १०३४ क्रमांकाच्या टिपणात तो आलेला आहे. तो पाळला जात नाही, आणि मग सोमवारी निम्मे कार्यालय जुन्या पत्त्यावर जाते.

'नाही' ह्या उत्तराचीही नक्कल ठेवली जाते, ही बाब तर त्याहून कमी लोकांच्या ध्यानात असते. मूळ रचनेत ती ऐच्छिक होती. मार्च १९९८ मध्ये मार्क अँड्र्यूज ह्यांच्या २३०८ क्रमांकाच्या टिपणाने ती नियमबद्ध झाली. नवे यंत्र नोंदण्यापूर्वीच कोणी उतावळेपणाने त्याचे नाव विचारले, की 'असे नाव नाही' हा निर्णय काही काळ साठवला जातो, आणि नंतर नोंद केली तरी त्या माणसाला नकारच मिळत राहतो. नोंद करणारा शपथेवर सांगतो की मी नोंद केली. विचारणारा शपथेवर सांगतो की ती नाही. दोघेही खरे बोलत असतात.

४

आतापर्यंतचा इतिहास विद्यापीठांच्या व संशोधनसंस्थांच्या जालाचा झाला. कार्यालयाचा इतिहास निराळा आहे, आणि दोषांचा दुसरा मोठा उगम त्यात आहे.

१९८४ साली आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकांसाठी एक लहान जाल बाजारात आणले. त्याबरोबर आलेल्या 'नेटबायॉस' ह्या योजनेत नोंदवही नव्हती, अधिकारी नव्हता, शाखाही नव्हत्या. यंत्र सुरू झाले की ते सर्वांना ऐकू जाईल अशी हाक देई : हे नाव मी घेत आहे, कोणाची हरकत आहे काय? हरकत आली नाही तर नाव त्याचे. दुसऱ्याला शोधायचे असले तरीही अशीच हाक द्यावयाची. एका खोलीत बसलेल्या वीस माणसांना ही रीत उत्तम आहे. मार्च १९८७ मध्ये १००१ व १००२ क्रमांकाच्या टिपणांनी ती टीसीपी/आयपीवर कशी चालवावी हे ठरविले; पण हाकेची मर्यादा काही सुटेना. राउटर अशी हाक पलीकडे जाऊ देत नाही. खालच्या मजल्यावरील यंत्र वरच्या मजल्यावर वेगळ्या उपजालात गेले, की ते 'हरवते'.

ह्या अडचणीवर प्रथम जो उपाय निघाला तो पाहून इतिहासाच्या अभ्यासकाला हसू आल्याशिवाय राहत नाही. 'एलएमहोस्ट्स' नावाची एक फाइल प्रत्येक यंत्रावर ठेवून तीत दूरची नावे व पत्ते हाताने लिहावयाचे! डॉइच ह्यांनी १९७३ मध्ये ज्या स्थितीला हास्यास्पद म्हटले होते, तीच कार्यालयांत पुन्हा अवतरली. त्यानंतर १९९४ मध्ये विंडोज एनटी ३.५ बरोबर 'विन्स' हा सर्व्हर आला : यंत्रे आता सर्वांना हाक देण्याऐवजी एका नोंदणीकाराकडे जाऊन आपले नाव नोंदवू लागली, आणि त्या नोंदीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण होऊ लागले. वीस वर्षांपूर्वी विद्यापीठांच्या जालाने जो मार्ग चोखाळला होता, तोच कार्यालयीन जालाने स्वतंत्रपणे पुन्हा चालून पाहिला. फरक एवढाच, की ह्या वेळी दुसऱ्याचा अनुभव समोर उपलब्ध होता.

भारतात हा क्रम अधिकच ठळक दिसतो. सामान्य जनतेसाठी विदेश संचार निगमने इंटरनेटसेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोपर्यंत ज्या कार्यालयांत जाल होते त्यांतील बहुतेकांना बाहेरच्या जगाशी जोडलेले असण्याचे कारण नव्हते, आणि डीएनएसचा परिचय असण्याचेही नव्हते. येथील चालकांच्या पहिल्या पिढीने नाव म्हणजे हाक मारावयाची वस्तू असेच शिकून घेतले होते.

नावाच्या रूपावरूनही भांडण होतेच. नेटबायॉसच्या नावाला सोळा बाइटांची जागा. त्यातील शेवटची मायक्रोसॉफ्टने सेवेचा प्रकार दाखविण्यासाठी राखून ठेवली, म्हणून वापरणाऱ्याला पंधराच अक्षरे उरली. डीएनएसमध्ये नावाचा एक खंड त्रेसष्ट अक्षरांपर्यंत जाऊ शकतो. सबब ज्या दोन यंत्रांच्या लांब नावांची पहिली पंधरा अक्षरे सारखी आहेत ती एका व्यवस्थेत भिन्न, तर दुसरीत एकरूप ठरतात. नेटबायॉसच्या नावात शब्दांमध्ये अधोरेषा चालत असे; इंटरनेटवरील यंत्रनामांच्या जुन्या नियमांत केवळ अक्षरे, अंक आणि संयोगचिन्ह मान्य होते. 'हिशेब' आणि 'एक' ह्यांच्या मध्ये अधोरेषा घालून ज्यांनी १९९५ च्या सुमारास सर्व्हरला नाव दिले, त्यांना ते पाच-सात वर्षांनी भोवले.

भोवण्याचे निमित्त विंडोज २००० हे होते. फेब्रुवारी २००० मध्ये ही प्रणाली बाजारात आली आणि तिच्या 'अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी'ने कार्यालयीन जालाचा सारा भार डीएनएसवर टाकला. यंत्रांचेच नव्हे, तर सेवांचेही पत्ते आता डीएनएसमधून शोधावयाचे होते. ज्या 'एसआरव्ही' नोंदींनी हे साधले त्यांच्या नावांच्या आरंभी अधोरेषा मुद्दाम घातलेली असते. कारण कोणत्याही यंत्राच्या नियमबद्ध नावात ती येणार नाही, म्हणून गोंधळही होणार नाही, अशी योजकांची अपेक्षा होती. बिचाऱ्या अधोरेषेचा हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. परंतु मुख्य मुद्दा निराळा आहे. डीएनएस आले, तरी विन्स काढले गेले नाही. हाकही थांबली नाही. आणि होस्ट्स फाइल तर प्रत्येक यंत्रावर, 'एटसी' ह्या युनिक्सकडून उसन्या घेतलेल्या नावाच्या कप्प्यात, जशीच्या तशी राहिली. जुनी यंत्रे जुन्या रीतीने बोलत असल्यामुळे ते अपरिहार्य होते, हेही खरे.

५

ह्या पार्श्वभूमीवर आरंभीच्या चार मेजांकडे पाहिले तर कोडे उरत नाही. विंडोजचे यंत्र नाव मिळताच ते आपलेच आहे काय हे पाहते. मग आपल्या स्मरणसाठ्यात पाहते, ज्यात होस्ट्स फायलीतील ओळी अगोदरच उतरवून घेतलेल्या असतात. मग डीएनएसला विचारते. आणि तेथे निभाव लागला नाही, तर हाकेच्या नव्या-जुन्या प्रकारांकडे, विन्सकडे व एलएमहोस्ट्सकडे वळते. पहिले उत्तर मिळाले की शोध थांबतो. दुसरे उत्तर कदाचित अधिक खरे असेल, ह्याची त्याला फिकीर नसते.

म्हणूनच 'पिंग' आणि 'एनएसलुकअप' ह्या दोन आज्ञांची उत्तरे ताडून पाहणे ही ह्या क्षेत्रातील सर्वांत फलदायी परीक्षा आहे. पिंग नावाचा शोध यंत्राच्या सर्व थरांतून करविते. एनएसलुकअप मात्र होस्ट्स फाइल व स्थानिक साठा ओलांडून थेट डीएनएस सर्व्हरला विचारते. दोहोंत विसंगती आढळली, की ती दोषाची जागा दाखविते. एनएसलुकअप बरोबर पत्ता सांगते आणि पिंग चुकीचा, तर दोष त्याच यंत्रात, फायलीत किंवा साठ्यात आहे. उलट पिंगला पत्ता मिळतो आणि एनएसलुकअप 'असे नाव नाही' म्हणते, तर डीएनएसमध्ये नोंदच नसून खालचा एखादा जुना थर लाज राखीत आहे. ह्या दुसऱ्या प्रकाराकडे सर्व जण दुर्लक्ष करतात, कारण काम चालू असते. ज्या दिवशी ते यंत्र राउटरच्या पलीकडे जाते किंवा जुना विन्स सर्व्हर बंद होतो, त्या दिवशी 'काल तर चालत होते' हे वाक्य ऐकू येते. काल जे चालत होते ते योग्य कारणाने चालत नव्हते.

ह्याहून अधिक वेळा आढळणारा दोष मात्र एका समजुतीतून उत्पन्न होतो. यंत्राला दोन डीएनएस सर्व्हरांचे पत्ते देण्याची सोय असते. पुष्कळ चालक पहिल्या जागी कार्यालयाचा सर्व्हर आणि दुसऱ्या जागी इंटरनेटसेवा पुरविणाऱ्याचा सर्व्हर लिहितात. एकाला नाव ठाऊक नसेल तर दुसऱ्याला विचारले जाईल, असा त्यांचा तर्क असतो. तो चुकीचा आहे. दुसऱ्याकडे यंत्र जाते ते पहिला मुका राहिला तरच. 'असे नाव नाही' हे मौन नव्हे. ते पूर्ण, अंतिम उत्तर आहे. आता कार्यालयाचा सर्व्हर सकाळी दोन मिनिटे बंद होता असे समजा. यंत्र बाहेरच्या सर्व्हरकडे वळते, काही काळ त्याच्याच मागे राहते, आणि हिशेबाच्या सर्व्हरचे नाव त्याला विचारते. ह्या परक्याला घरातील नावे कोठून ठाऊक असणार? तो प्रामाणिकपणे नकार देतो, यंत्र तो नकार साठवून ठेवते, आणि दहा वाजता, कार्यालयाचा सर्व्हर केव्हाच पूर्ववत झालेला असताना, लिपिकाची तक्रार येते. नकार आणि मौन ह्यांतील हा भेद ज्याने ओळखला त्याचे निम्मे काम झाले. कार्यालयातील यंत्रांना कार्यालयातीलच सर्व्हर द्यावेत, आणि बाहेरच्याला काय विचारावयाचे ते त्या सर्व्हरांनी विचारावे, ही शिस्त ह्यामुळेच आवश्यक ठरते.

अर्धवट नावांचा प्रश्नही जुनाच आहे. नाव आखूड लिहिले की यंत्र आपल्या शाखेचे प्रत्यय त्याला जोडून पाहते. ऑक्टोबर १९९३ मध्ये एहुद गॅव्हरॉन ह्यांनी १५३५ क्रमांकाच्या टिपणात ह्या सोयीचा धोका दाखवून दिला. 'कॉम' शाखेतील यंत्र 'एज्यु'ने संपणाऱ्या पूर्ण नावालाही आपले प्रत्यय एकेक करून जोडून पाहत असे, आणि शेवटी 'एज्यु.कॉम' येथे पोहोचे. ते नाव तर कोणीतरी नोंदवून ठेवलेले होते! विद्यापीठाकडे निघालेला मनुष्य अशा रीतीने तिऱ्हाइताच्या दारात उभा राही. दोष शोधताना पूर्ण नाव लिहून शेवटी बिंदू देण्याची जी रीत आहे तिचे कारण हे : त्या बिंदूने प्रत्यय जोडण्यास मनाई होते.

कार्यालयांनी स्वतःसाठी कल्पिलेल्या शाखांचेही असेच झाले. बाहेर कोठे नाही म्हणून अनेकांनी आपल्या जालाला 'लोकल' हा प्रत्यय दिला. मग फेब्रुवारी २०१३ मध्ये ६७६२ क्रमांकाच्या टिपणाने तो एका वेगळ्याच, हाकेच्या रीतीसाठी राखून ठेवला, आणि काही यंत्रे त्या नावांसाठी डीएनएसला विचारण्याऐवजी हाका मारू लागली. 'कॉर्प' हा प्रत्यय तर खाजगी जालांत एवढा पसरलेला आढळला, की 'होम' व 'मेल' ह्यांच्यासह तो कोणालाच न देण्याचा निर्णय आयकॅन ह्या संस्थेला २०१८ मध्ये घ्यावा लागला. खाजगी वापरासाठी 'इंटर्नल' हा प्रत्यय तिने अधिकृतपणे राखून ठेवला तो जुलै २०२४ मध्ये. म्हणजे गरज उत्पन्न झाल्यानंतर सुमारे तीन दशकांनी.

६

राहता राहिले चौथे यंत्र, ज्यावर सर्व्हर उघडत होता पण हिशेब जुने होते. हे उदाहरण कल्पित नाही. प्रस्तुत लेखकाने ते एका कार्यालयात पाहिले आहे. तेथे हिशेबाचा सर्व्हर नव्या यंत्रावर हलविण्यात आला होता. डीएनएसमधील नोंद वेळेवर बदलली होती. आणि जुने यंत्र, काही राहून गेले असल्यास हाताशी असावे म्हणून, चालूच ठेवले होते. एका लिपिक बाईंचे यंत्र मात्र जुन्या पत्त्यावरच जात राहिले. त्यांना सर्व्हर 'सापडत' होता, म्हणून त्यांनी तक्रार केली नाही. तीन आठवड्यांच्या नोंदी त्यांनी निष्ठेने जुन्या वहीत केल्या, आणि महिनाअखेरीस ताळा जमेना तेव्हा प्रथम संशय आला तो त्यांच्या कामावर. साठा पुसून झाला, यंत्र नव्याने चालू करून झाले. गुण आला नाही. एनएसलुकअप नवा पत्ता सांगत होती, पिंग जुना. तेव्हा होस्ट्स फाइल उघडण्यात आली. तीत सर्व्हरचे नाव आणि जुना पत्ता अशी एकच ओळ होती. कोणे एके दिवशी डीएनएस सर्व्हर बंद पडला असता काम अडू नये म्हणून, आता सेवानिवृत्त झालेल्या एका कर्मचाऱ्याने ती लिहिली होती, आणि ओळीच्या शेवटी, यंत्र वाचत नाही अशा टीपेच्या जागी, रोमन अक्षरांत एक शब्द लिहून ठेवला होता : 'तात्पुरते'. ओळ पुसण्यास अर्धे मिनिट लागले. नोंदी पुन्हा उतरविण्यास त्या बाईंना चार दिवस लागले.